पासवर्ड चुकलाय की प्रोफाइल बिघडलंय?

सांगलीच्या मार्केट यार्डात मामांची हळदीची अडत आहे. दुकानातला डेस्कटॉप विंडोज ७ चा, टॅली आणि पट्ट्यांचं सगळं काम अजून तोच ओढतो. ऐन मार्चअखेरीला एका सकाळी दिवाणजींचा फोन आला, "पासवर्ड घेत नाही हो." कुणीतरी त्यांना सांगूनही टाकलं होतं की फॉरमॅट मारावा लागेल. मी म्हटलं, कशालाही हात लावू नका, स्क्रीनवर काय लिहून येतंय ते अक्षर अन् अक्षर वाचा.

"पासवर्ड घेत नाही" असं आपण दोन अगदी वेगळ्या दुखण्यांना म्हणतो. पहिल्यात 'द युझर नेम ऑर पासवर्ड इज इनकरेक्ट' असं येतं. म्हणजे टाकलेली अक्षरं जुळली नाहीत, बाकी मशीन ठणठणीत. दुसऱ्यात 'युझर प्रोफाइल सर्व्हिस फेल्ड द लॉगऑन' अशा अर्थाची ओळ येते आणि खाली 'युझर प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड'. इथे पासवर्ड बरोबर आहे, विंडोजने तो मान्यही केलाय. अडलंय ते त्यापुढे, प्रोफाइल म्हणजे तुमचा डेस्कटॉप आणि सेटिंग उघडताना.

शंका असेल तर एकदा मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाका. खरा टाकल्यावर एक ओळ आणि खोटा टाकल्यावर दुसरी येत असेल, तर दोष पासवर्डात नाही.

पहिलं दुखणं बहुतेक वेळा की-बोर्डाशीच निघतं. कॅप्स लॉक, बंद असलेला नम लॉक, किंवा भाषा मराठीवर राहिलेली. ठिपक्यांआड आपण देवनागरी टाइप करतोय हे कळतही नाही, म्हणून लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात 'ईएन' (इंग्रजी) आहे का बघा. जुन्या की-बोर्डाची एखादी कळ मेलेली असू शकते. डावीकडे खाली ईझ ऑफ ॲक्सेसचं बटण असतं, त्यातून पडद्यावरचा की-बोर्ड उघडा आणि माऊसने पासवर्ड टाका. आत गेलात, तर नवा की-बोर्ड आणा, विषय संपला.

दुसऱ्यात पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. लाइट अचानक जाणं किंवा हार्ड डिस्क थकणं, यातून प्रोफाइलची 'एनटीयुझर डॉट डॅट' ही फाइल किंवा रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या वहीतली) नोंद बिघडते. तुमच्या फाइली मात्र सी ड्राइव्हच्या युझर्स फोल्डरात असतात. फॉरमॅट मारला तर त्याच आधी जातात, म्हणून त्या सल्ल्याची मला भीती वाटते.

कधी कधी मशीन आत घेतं, पण डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि 'टेम्पररी प्रोफाइल' अशी सूचना येते. दिसतं भयंकर, पण फाइली गेलेल्या नसतात. फक्त त्या रिकाम्या डेस्कटॉपवर नवीन काही सेव्ह करू नका, लॉगऑफ केलं की ते पुसलं जातं.

मामांच्या मशीनला हे दुसरंच दुखणं होतं. दुकानात दुसरं ॲडमिन खातं (सगळे अधिकार असलेलं) होतं, त्यातून आत गेलो. (नसेल तर सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमधून (विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालतं तो प्रकार) कधी कधी जाता येतं.) आधी मामांचं युझर्समधलं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवलं. मग रजिस्ट्रीत प्रोफाइललिस्ट, म्हणजे खात्यांच्या प्रोफाइलची यादी, उघडली. तिथे एस-१-५ ने सुरू होणारी एकच लांबलचक नोंद दोनदा होती, एकीच्या शेपटीला '.बॅक'. रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवली, बिनशेपटीच्या नोंदीचं नाव बदललं आणि दुसरीची शेपटी काढली. तिच्यातले 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' हे आकडे शून्य केले आणि मशीन रिस्टार्ट केलं. हात सरावाचा नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. ती 'एनटीयुझर डॉट डॅट' फाइलच खराब असेल तर नवं खातं काढून जुन्या फाइली त्यात आणणं सोपं पडतं.

मामांचा डेस्कटॉप जसाच्या तसा उघडला. रोकडीची एक्सेल तिथेच होती, ती आम्ही डी ड्राइव्हवर हलवली आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवली. विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० नंतर मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, तेव्हा नवं मशीन घ्यावंच लागेल हेही मामांना सांगितलं. तोवर यूपीएसची मेलेली बॅटरी तरी त्याच दिवशी बदलून घेतली.