डीपी रस्ता: नकाशावरचा आणि जमिनीवरचा

पुण्याच्या पेठांतले रस्ते अरुंद खरे, पण एका बोळात शिरून दुसऱ्या रस्त्यावर निघता येते. लक्ष्मी रस्ता तुंबला की दुचाकीवाला आजही नारायण नाहीतर सदाशिव पेठेतून वाट काढतो. पेठांबाहेरच्या पुण्यात ही सोय का राहिली नाही, हे समजायला ‘डीपी रस्ता’ या शब्दापाशी थांबावे लागते.

बोलण्यात हा शब्द तयार, रुंद रस्त्यासाठी येतो. प्रत्यक्षात तो शहराच्या विकास आराखड्यात (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजेच डीपी) आखलेला रस्ता आहे, म्हणजे जमिनीवर असो वा नसो, कागदावर असतोच. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार असा आराखडा करणे बंधनकारक आहे, मात्र आखलेली जागा ताब्यात येत राहिली ती तुकड्यातुकड्याने. ज्या मालकाने लेआउट मंजूर करून घेतला त्याच्या जमिनीपुरता रस्ता झाला. शेजारचा मालक टीडीआर (जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) नको, रोख मोबदला हवा म्हणून अडून बसला की डांबर त्याच्या बांधाशी संपले. अशा अर्धवट टोकांमधल्या जागेला आता ‘मिसिंग लिंक’ म्हणतात, जणू रस्ता आधी सलग होता आणि मधला तुकडा कुणी पळवला!

1997 मधल्या निर्णयाने हा गुंता वाढवला. तेव्हा शहरात 38 गावे घेतली गेली, नंतर त्यांतली 15 पूर्णतः आणि 5 अंशतः वगळली गेली आणि उरलेल्या 23 गावांचा आराखडा टेकड्यांवरच्या बांधकामाच्या वादात वर्षानुवर्षे रखडला. इमारती मात्र त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. बैलगाडीपुरती असलेली पाणंद सोसायट्यांचा रस्ता बनली, बांधाच्या जागी सीमाभिंत आली, आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याकडे जायलाही मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालणे भाग पडले. सिंहगड रस्त्यावर हे ठळक दिसते: एका बाजूला मुठा, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि मधल्या बहुतेक गल्ल्या त्या एकाच रस्त्याला येऊन मिळणाऱ्या. तिथे उड्डाणपूल झाला, पण गल्ल्यांना एकमेकींत जाण्याची वाट त्याने मिळत नाही.

पुढे 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये आणखी 23 गावे हद्दीत आली. हद्द बदलण्याआधीच त्यांतल्या अनेक गावांत सोसायट्या उभ्या होत्या, त्यामुळे तिथे रस्त्याची रेषा आखायची तर ती मोकळ्या शेतातून न जाता कुणाच्या तरी पार्किंगवरून जाते.