जॉब पोर्टल आणि प्लेसमेंट: पैसे कोण कुणाला देतं?

"ऑनलाइन नोकरी बघितली, नोंदणीचे दीड हजार भरले." आयटीआय झालेलं पोरगं असं सांगायला लागलं की पोटात गोळा येतो. जाहिरात त्यानं पोर्टलवर बघितलेली असते, पैसे मात्र भलत्याच माणसाला गेलेले असतात.

पोर्टल म्हणजे नोकऱ्यांचा फळा. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ पासून, शिवाय राज्याचं महास्वयंम. बायोडाटा टाका, अर्ज करा. निवड जाहिरात देणाऱ्याच्या हातात. सरकारी पोर्टलवर नोंदणी फुकट आहे.

प्लेसमेंटवाला हा मध्यस्थ. गोकुळ शिरगावच्या कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा असतो, हा माणूस शोधून देतो आणि कमिशन कारखान्याकडून घेतो. बऱ्याचदा ते वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के असतं, म्हणजे एका महिन्याचा पगार. त्याचं पोट कारखान्यावर चालतं. मग जो तुमच्याकडूनच आधी पैसे मागतो, त्याच्याकडे मुळात जागा आहे का, हे विचारा.

गोंधळ होतो तो पोर्टलवर प्लेसमेंटवाल्यांच्याही जाहिराती असतात म्हणून. 'शिरोली एमआयडीसीतील नामांकित कंपनी' एवढंच लिहिलेलं असतं. नाव लपवलं म्हणजे फसवणूकच असं नाही. उमेदवार परस्पर कंपनीत जाईल, ही प्लेसमेंटवाल्याला धास्ती असते. पण मुलाखतीला बोलावताना नाव आणि गेटचा पत्ता सांगितलाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट पोरांना कुणी सांगतच नाही. काही प्लेसमेंटवाले नोकरी लावत नाहीत, ते स्वतःच ठेकेदार असतात. काम कागलच्या कारखान्यात, पण पगार आणि पीएफ ठेकेदाराकडून. माझा भाचा कित्येक महिने 'कंपनीत लागलो' म्हणून सांगत होता. पीएफचं पासबुक उघडलं तेव्हा त्यात ठेकेदाराचं नाव निघालं. ठेक्यावरचं काम वाईट नव्हे, पण हे रुजू होण्याआधी कळायला हवं. नियुक्तीपत्रावर कुणाचं नाव, कुणाचा शिक्का, ते वाचूनच सही करा.

आखाती देशात जायचं असेल तर नियम वेगळा. तिथे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली (कामासाठी परदेशी जाणाऱ्यांचा कायदा) नोंदणी लागते. तो उमेदवाराकडून पैसे घेऊ शकतो, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी. पावती मागून घ्या.