झारला लेनिननं उलथवलं नव्हतं

रशियात क्रांती झाली तेव्हा लेनिन स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला होता. दुपारचं जेवण आटोपून तो ग्रंथालयात निघाला होता, बायको क्रुपस्काया भांडी आवरत होती, तेवढ्यात ओळखीतला एक पोलिश कार्यकर्ता धापा टाकत बातमी घेऊन आला. खात्री करायला ही मंडळी तलावाकाठी गेली, कारण तिथे वर्तमानपत्रं टांगलेली असत. दोनच महिन्यांपूर्वी याच शहरात लेनिन तरुणांना म्हणाला होता की येऊ घातलेल्या क्रांतीच्या निर्णायक लढाया आमच्या पिढीला कदाचित बघायला मिळणार नाहीत.

तरीही आपल्याकडे विचारा, झारला, म्हणजे रशियाच्या सम्राटाला, कुणी उलथवलं? उत्तर येतं, लेनिननं. हा घोळ १९१७ मधल्या दोन क्रांत्या एकच धरल्यामुळे होतो. फेब्रुवारीत राजेशाही गेली. ऑक्टोबरमध्ये गेलं ते तिच्या जागी आलेलं हंगामी सरकार. त्यात पंचांगाची भर: रशियाचं जुनं कॅलेंडर तेरा दिवस मागे होतं, म्हणून फेब्रुवारी क्रांती आपल्या मार्चमध्ये येते आणि ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरमध्ये. पुढच्या तारखा जुन्याच आहेत.

फेब्रुवारीची सुरुवात पावाच्या रांगेत झाली. महायुद्धाचं तिसरं वर्ष. देशात धान्य होतं, पण ते राजधानी पेट्रोग्राडपर्यंत आणणारी रेल्वे सैन्याच्या दिमतीला जुंपलेली. कापडगिरण्यांतल्या बायका पाळी संपवून काळ्या पावासाठी थंडीत तासन् तास उभ्या राहत आणि कित्येकदा रिकाम्या हातानं परतत. २३ फेब्रुवारीला, जागतिक महिला दिनी, शहराच्या वायबोर्ग भागातल्या गिरण्यांमधल्या बायकांनी काम थांबवलं. आदल्या रात्री बोल्शेविक पक्षाच्या, म्हणजे लेनिनच्याच पक्षाच्या, एका कार्यकर्त्यानंच त्यांना संयम पाळा म्हणून बजावलं होतं! त्यांनी ऐकलं नाही. शेजारच्या धातूकारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारत त्यांनी पुरुषांना बाहेर बोलावलं. दोन दिवसांत संपकरी दोन लाखांवर गेले. राणीनं मात्र नवऱ्याला कळवलं की ही सगळी टवाळ पोरं आहेत, कडक थंडी असती तर घरीच बसली असती.

२६ तारखेला सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या रात्री बराकींमध्ये काय बोलणं झालं असेल ते झालं असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वोलिन्स्की रेजिमेंटनं बंड केलं आणि संध्याकाळपर्यंत शहरातलं बहुतेक सैन्य फिरलं. माझ्या मते राजेशाही खरी संपली ती इथे. २ मार्चला प्स्कोव्ह स्टेशनात, आगगाडीच्या डब्यात, झार निकोलसनं गादी सोडण्याच्या कागदावर केलेली सही हा नंतरचा सोपस्कार. त्यानं गादी भावाला देऊ केली, भावानं दुसऱ्याच दिवशी ती नाकारली. रोमानोव्ह घराण्याची तीनशे चार वर्षं अशी आटोपली.

लोकांना काय हवं होतं, ते १ मार्चच्या एका कागदात दिसतं. कामगार-सैनिकांच्या प्रतिनिधींची परिषद म्हणजे सोव्हिएत. तिच्या आदेश क्रमांक १ मध्ये सैनिकांच्या निवडून आलेल्या समित्यांबरोबर आणखी एक कलम होतं: अधिकाऱ्यांनी सैनिकांना अरे-तुरे करायचं नाही. रशियनमध्येही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, त्यामुळे या कलमाचं वजन मराठी माणसाला समजावून सांगायला नको. ज्या शिपायाला ट्रॅममध्ये आत बसायची मुभा नव्हती, त्याला आता साहेब ‘तुम्ही’ म्हणणार होता.

ऑक्टोबरचा बाज निराळा. २४ तारखेच्या रात्रीपासून बोल्शेविकांच्या सशस्त्र तुकड्यांनी टेलिफोन एक्स्चेंज, स्टेशनं, पूल, सरकारी बँक ताब्यात घेतली. योजना होती, पक्षाच्या केंद्रीय समितीत दहा विरुद्ध दोन असं मतदानही झालं होतं. शहरात ट्रॅम चालू होत्या, नाट्यगृहं उघडी होती. हिवाळी राजवाड्यात झार नव्हताच. तो सैबेरियात तोबोल्स्कला नजरकैदेत होता आणि रशिया सप्टेंबरमध्येच प्रजासत्ताक जाहीर झाला होता. राजवाड्याच्या एका भागात जखमी सैनिकांचं इस्पितळ, दुसऱ्या भागात हंगामी सरकारचे मंत्री. पंतप्रधान केरेन्स्की सकाळीच मोटारीनं निसटला होता. बोल्शेविकांच्या बाजूच्या अरोरा या युद्धनौकेनं तोफेचा एक पोकळ बार काढला आणि मध्यरात्र उलटल्यावर मंत्र्यांना अटक झाली. फाटकांवर चढणारा तो हजारोंचा लोंढा आपल्या डोळ्यांपुढे येतो, पण तो नंतर पडद्यावर रंगवलेला आहे.

मग ऑक्टोबर हे नुसतं सत्ता हडपणं होतं का? असं म्हणणारे पुष्कळ आहेत, मला ते अर्धवट वाटतं. फेब्रुवारीनंतरच्या आठ महिन्यांत हंगामी सरकारनं युद्ध थांबवलं नाही आणि जमिनीचा प्रश्न पुढे ढकलला. गावकरी वाट बघत बसले नाहीत. त्यांनी जमीनदारांची कुरणं, जंगलं, मग शेतं आपसात वाटून घ्यायला सुरुवात केली आणि वाटपात वाटा मिळावा म्हणून सैनिकही आघाडी सोडून घराकडे निघाले. लेनिननं २६ ऑक्टोबरला जमिनीचा हुकूम काढला तेव्हा अनेक ठिकाणी जे घडून गेलं होतं त्यावर शिक्का मारला, इतकंच. लोकांनी त्याची परतफेड मतांनी केली असंही नाही. नोव्हेंबरच्या संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना जेमतेम चौथाई मतं पडली, शेतकऱ्यांचा भरवसा समाजवादी क्रांतिकारी पक्षावर होता. ती सभा जानेवारीत भरली आणि एका बैठकीनंतर बोल्शेविकांनी ती गुंडाळली.

ऑक्टोबर क्रांतीचा दिवस, नव्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर, रशियानं २००५ पासून सुट्ट्यांच्या यादीतून काढला. गिरणीतल्या बायका बाहेर पडल्या तो २३ फेब्रुवारी नव्या कॅलेंडरात ८ मार्चला येतो. त्या दिवशी तिथे आजही सुट्टी असते.