वांगी, मिरची, टोमॅटोची मर : औषध मागण्याआधी एवढं वाचा

भात कापून झालं, मळ्यात वांगी-मिरचीची लावणी झाली की महिना-दीड महिन्यात आमच्या शेती-औषधांच्या दुकानात एकच मागणी सुरू होते : "झाडं मरतायत, कायतरी पावडर द्या." हातात बहुतेक वेळा एखादं सुकलेलं पान असतं, नाहीतर मोबाइलवर लांबून काढलेला फोटो. त्यावरून मर, म्हणजे उभं झाड सुकून मरण्याचा रोग, ओळखता येत नाही. मग आम्ही परत पाठवतो, तुमची फेरी फुकट जाते, आणि त्या दोन-चार दिवसांत मळ्यातली आणखी झाडं जातात.

म्हणून पहिली विनंती : पान आणू नका, मुळासकट अख्खं झाड आणा. नुकतं मान टाकलेलं, अजून हिरवं असलेलं. ओढून काढू नका, मुळं तुटून जमिनीतच राहतात. फावड्याने मातीच्या गड्ड्यासह उचला, पिशवीत घालून तोंड बांधा. वाटेत माती सांडली तर रोगही सांडतो.

झाड का लागतं, तर मर एकाच कारणाने होत नाही आणि खूण पानावर नसते, बुंध्यात असते. आपल्याकडे तीन प्रकार जास्त दिसतात. बुंध्याशी, मातीला लागून पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुंधाकुज. खालची पानं आधी पिवळी पडत जाऊन झाड हळूहळू, आठवड्या-दोन आठवड्यांत सुकत असेल तर बहुधा फ्युजारियम बुरशीची मर. या दोन्हींवर लवकर आलात तर काही करता येतं. मेलेलं झाड काढून आजूबाजूच्या झाडांच्या बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, 10 लिटर पाण्याला 25 ग्रॅम, ओतायचं. पुढच्या लावणीआधी ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, 100 किलो कुजलेल्या शेणखताला 1 किलो मिसळून, सावलीत ओलसर ठेवून मग वाफ्यात घालायची. दोन्ही एकदम घालू नका. तांब्याचा त्रास ट्रायकोडर्मालाही होतो, दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

तिसरी मर जिवाणूची, आणि कोकणात खरं नुकसान हीच करते. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया सोलानासियारम. आपली उबदार हवा, ओल धरून राहिलेली मळ्याची जमीन आणि जांभ्याची आम्लधर्मी माती त्याला मानवते. झाड सकाळी टवटवीत असतं, दुपारी मान टाकतं, संध्याकाळी परत उभं राहतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून पाट सोडतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाड हिरवंच्या हिरवं मरतं. पानं पिवळी पडायलाही वेळ मिळत नाही.

ही मर घरच्या घरी ओळखता येते. झाड काढल्यावर बुंध्याकडचा दोन-तीन इंचांचा तुकडा धुऊन घ्या आणि नव्या ब्लेडने दोन्ही टोकं सरळ कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा दोऱ्याने किंवा चिमट्याने असा धरा की खालचं टोक जेमतेम पाण्यात बुडेल. हलवू नका. ग्लासामागे काळा कागद धरा. जिवाणू असेल तर पाच मिनिटांच्या आत कापलेल्या टोकातून दुधट पांढरा धागा सरळ खाली उतरताना दिसतो. थोड्या वेळाने पाणी गढूळ होतं. बुरशीच्या मरीत हा धागा येत नाही. पूर्ण वाळलेल्या झाडाच्या तुकड्यावर ही परीक्षा फसते, म्हणून हिरवं झाड हवं. ग्लास काउंटरवर ठेवलेलाच असतो, तुमच्यासमोर करून दाखवतो, पैसे घेत नाही.

धागा उतरला की आम्ही औषध विकत नाही. यावरून वाद होतात. "दुकान औषधाचं आणि औषध नाही म्हणता?" असं ऐकून घ्यावं लागतं. पण जिवाणू झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरलेला असतो. वरून मारलेला फवारा तिथे पोचत नाही, आणि मान टाकलेलं झाड परत आणणारं औषध आमच्याकडेही नाही, दुसरीकडेही नाही. बुरशीनाशकाची पुडी देऊन तुमचे पैसे घेणं सोपं आहे. आम्ही ते करणार नाही.

धागा उतरल्यावर करायचं ते हे : झाड मातीच्या गड्ड्यासह काढून मळ्याबाहेर नेऊन जाळा. बांधावर टाकलं, पाटात सोडलं किंवा शेणखताच्या खड्ड्यात फेकलं की रोग सगळीकडे पोचलाच. रिकाम्या झालेल्या खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाका. पाणी देताना निरोगी वाफ्यातून सुरुवात करा, आजारी वाफा शेवटी. वरच्या कुणग्यातलं (शेताच्या तुकड्यातलं) पाणी खालच्या कुणग्यात उतरतं, तेव्हा शेजाऱ्यालाही सांगून ठेवा. खुरपणीत मुळं दुखावली की जिवाणूला दार उघडतं, म्हणून रोग दिसलेल्या मळ्यात खोल खुरपणी बंद. आणि भाड्याचा पॉवर टिलर दुसऱ्याच्या शेतातून आला असेल तर पाती धुतल्याशिवाय आत घेऊ नका.

पुढल्या वर्षी त्याच जागी वांगं, मिरची, टोमॅटो, बटाटा काहीच नको, आलंही नको. ही सगळी या जिवाणूला चालतात. पावसात भात, मग वाल, कुळीथ किंवा मका अशी दोन-तीन वर्षं काढा. माती तपासून घ्या आणि अहवालात सांगितला तेवढाच चुना घाला.

बटाट्याबद्दल दोन शब्द, कारण परसात बटाटा लावणारे वाढलेत. रात्रीचा गारवा 20 अंशांच्या खाली टिकला तर बटाटा पोसतो, किनाऱ्यावर तसे आठवडे थोडेच. हौस म्हणून जरूर लावा, पण बाजारातला कोंब आलेला बटाटा नको. वरून धडधाकट दिसणाऱ्या बटाट्यातही हाच जिवाणू लपून येतो आणि मग पुढे त्या जागेत वांगं टिकत नाही. डोळ्यांशी माती चिकटून बसलेला बटाटा कापून पाहा : सालीच्या आत तपकिरी कडं दिसलं आणि दाबल्यावर पांढरट थेंब आले तर तो लावू नका. प्रमाणित बियाणं आधी सांगितलंत तर मागवून देतो. पानांवर गोल गोल वलयांचे तपकिरी डाग आले तर तो करपा. त्याला मात्र मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, 10 लिटरला 25 ग्रॅम, लागू पडतं.

ज्यांच्या मळ्यात दरवर्षी मर येते आणि जागा बदलता येत नाही, त्यांनी जात बदलावी. टोमॅटोत अर्का रक्षक, अर्का सम्राट आणि वांग्यात अर्का निधी, अर्का केशव ही बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेची वाणं मरीला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. आपल्या गावच्याच वांग्याची चव हवी असेल तर जंगली वांग्याच्या खुंटावर, म्हणजे त्याच्या मुळासकटच्या खालच्या भागावर, बांधलेलं कलमी रोप घ्या. ते साध्या रोपापेक्षा महाग पडतं, आणि का ते विचारणं बरोबर आहे. खुंटाचं बी सावकाश उगवतं, दोन रोपं वाढवून एक रोप मिळतं, कलम जुळेपर्यंत आठवडाभर दमट खोलीत जपावं लागतं, त्यातही काही जातात. मिरचीचं कलम या खुंटावर धरत नाही, त्यामुळे मिरचीसाठी जागाबदल आणि उंच गादीवाफे हाच उपाय.

कलमी रोप नेलंत तर एक पाळाच : कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटं राहू द्या. लावताना बरोबर असतो, पण पुढे बुंध्याला मातीची भर देताना सांधा पुरला जातो, वरच्या वांग्याला स्वतःची मुळं फुटतात आणि खुंटाचा उपयोग संपतो. "तुमचं कलमही मेलं" म्हणून आलेल्या झाडांत बहुतेक वेळा हेच निघतं. सांध्याखालून फुटलेले धुमारेही वेळच्या वेळी मोडा.

लावणी दिवाळीनंतर करायची असेल तर कलमी रोपांची मागणी गणपतीच्या आत नोंदवा, म्हणजे कोणत्या जातीची किती रोपं बांधायची ते आम्हाला ठरवता येतं. आजारी झाड घेऊन यायचं असेल तर सकाळी लवकर या. दुपारच्या उन्हात पिशवीतलं झाड शिजतं आणि मग ग्लासात काही दिसत नाही.