खोलगट छापाची चांदीची नाणी: दक्षिण इटलीतील ग्रीक वसाहतींची पार्श्वभूमी

सिबारिस, क्रोटोन, मेटापोंटम या वसाहतींनी स्वतःची चांदीची नाणी पाडायला सुरुवात केली ती इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात. इ.स.पू. ५१० मध्ये क्रोटोनने सिबारिस उद्ध्वस्त केले, त्यामुळे मागे वळून पाहणाऱ्या बैलाची सिबारिसची नाणी त्याआधीचीच.

ही नाणी रुंद आणि पातळ, सुमारे ३ सेंटिमीटर व्यासाची, वजन ८ ग्रॅमच्या आसपास. पुढे बैल, तिपाई किंवा सातूचे कणीस उठावात, आणि मागे बहुधा तेच चित्र खोलगट. पत्र्यावर एकाच बाजूने ठोकल्यासारखे हे दिसते, पण तसे नाही. दोन्ही ठसे वेगवेगळे कोरलेले असत आणि ते नेमके समोरासमोर धरावे लागत. क्रोटोनच्या काही नाण्यांवर पुढे तिपाई आणि मागे खोलगट गरुड आहे, ही याची पक्की खूण.

एवढा खटाटोप का केला, यावर अजून वाद आहे. क्रोटोनला येऊन राहिलेल्या पायथागोरस या प्रसिद्ध गणिती तत्त्वज्ञाच्या विरुद्ध जोड्यांच्या विचाराचे हे रूप आहे, असे फार हौसेने सांगितले जाते. ते पटत नाही. तो आला इ.स.पू. ५३० च्या सुमारास. सिबारिस आणि मेटापोंटमची पहिली नाणी सहसा त्याआधीची धरतात. बनावट नाणी रोखण्यासाठी म्हणावे, तर आत तांबे आणि वरून चांदीचा मुलामा अशी खोलगट छापाचीही खोटी नाणी मिळतात. मला चांदीचा मुद्दा वजनदार वाटतो. ती बरीचशी बाहेरून येई, काही वेळा नाण्यांच्याच रूपात. मेटापोंटमच्या काही नाण्यांखाली कोरिंथच्या पंखवाल्या घोड्याच्या पुसट रेषा दिसतात. जुना छाप दडपायला रुंद, पातळ चकती सोयीची पडत असावी.

पुढे चकत्या लहान आणि जाड होत गेल्या, आणि पाचव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजू उठावाच्या झाल्या. नंतरचा काळ तारास या तिथल्याच ग्रीक शहराचा: एका बाजूला डॉल्फिनवर बसलेला तरुण, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. रोमशी लढण्यासाठी तारासने ग्रीसमधल्या एपायरसच्या पिऱ्हस राजाला बोलावले, त्या सुमारास हे नाणे जवळपास ८ ग्रॅमवरून साडेसहापर्यंत उतरले. युद्धाचा खर्च चांदीतून असा वसूल झाला. इ.स.पू. २७२ मध्ये तारास रोमच्या हाती गेले. इ.स.पू. २१२ मध्ये कार्थेजच्या सैन्याने शहर घेतल्यावर तिथे आणखी हलकी चांदीची नाणी निघाली. २०९ मध्ये रोमने ते परत जिंकले आणि तीही थांबली.