डेटा मॅपिंग सॉफ्टवेअर: ट्रान्सफॉर्मेशन सेटिंग्ज आणि एलिमेंट शोधणं

एका फॉरमॅटमधला डेटा दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेताना कुठलं फील्ड कुठे जाणार हे ठरवणं म्हणजे डेटा मॅपिंग. ग्राफिकल टूलमध्ये बहुतेकदा डावीकडे सोर्स, उजवीकडे टार्गेट, मधे रेघा ओढायच्या आणि लागेल तिथे फंक्शन टाकायचं. लोक सगळा वेळ या रेघांवर घालवतात, पण रेघा त्याच ठेवून नुसतं सेटिंग बदललं तरी आउटपुट बदलू शकतं, म्हणून सेटिंग आधी बघायची.

सगळ्यात मोठं सेटिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन कुठल्या भाषेत चालणार. एक्सएमएलसाठी (टॅग लावून डेटा लिहायचा फॉरमॅट) ती बहुधा एक्सएसएलटी असते (एक्सएमएलचं रूप बदलायची भाषा), तिची १.० आवृत्ती आली १९९९ मध्ये, २.० आली २००७ मध्ये आणि ३.० आली २०१७ मध्ये. १.० मध्ये ग्रुपिंगची (सारख्या नोंदी एकत्र करण्याची) थेट सोयच नाही, 'की' (key) वापरून आडवाटेने करावं लागतं, २.० मध्ये त्यासाठी वेगळी इन्स्ट्रक्शन आली. खरी गंमत व्हॅल्यू-ऑफची, म्हणजे फील्डमधली व्हॅल्यू आउटपुटमध्ये लिहिणाऱ्या इन्स्ट्रक्शनची आहे. समजा एका ग्राहकाचे तीन फोन नंबर आहेत, तर १.० फक्त पहिला नंबर देतं आणि बाकीचे गुपचूप सोडून देतं, तीच ओळ २.० मध्ये तिन्ही नंबर मधे स्पेस टाकून एकत्र चिकटवते, आणि एरर दोन्हीकडे येत नाही!

मग डेटा टाइप. शून्याने सुरू होणाऱ्या कोडचं फील्ड नंबर म्हणून कास्ट केलं (नंबर या टाइपमध्ये बदललं) की ००७१२ चं ७१२ होतं, सुरुवातीची शून्यं गेली ती गेलीच. एन्कोडिंगचंही (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचंही) तसंच, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं (काना-मात्रासुद्धा वेगळे मोजले जातात बरं का), त्यामुळे फिक्स्ड-लेंग्थ (ठरलेल्या लांबीच्या रकान्यांच्या) फाइलमधल्या १० बाइटच्या रकान्यात जेमतेम ३ चिन्हं बसतात. प्रीटी प्रिंट (वाचायला सोपं जावं म्हणून आउटपुटमध्ये नव्या ओळी आणि स्पेस टाकणं) टेस्टिंगला बरं, एरवी बंद ठेवलेलं चांगलं, फाइल उगाच फुगते.

आता एलिमेंट (फाइलच्या रचनेतला एकेक घटक) शोधणं. स्कीमा, म्हणजे त्या रचनेचा आराखडा, मोठा असला की स्क्रोल करत बसण्यात अर्थ नसतो, सर्च लागतोच, पण नुसत्या नावाने शोधलं की 'नाव', 'तारीख', 'कोड' असली फील्ड्स जागोजागी सापडतात आणि घाईत भलत्याच पेरेंटखालचं (वरच्या एलिमेंटखालचं) उचललं जातं. म्हणून पूर्ण पाथ, म्हणजे वरपासून त्या फील्डपर्यंतची वाट, बघायचा. ईडीआयमध्ये (कंपन्यांमधली कागदपत्रं ठरलेल्या फॉरमॅटमध्ये पाठवायची पद्धत) तर पाथही पुरत नाही: एडिफॅक्ट या त्याच्या स्टँडर्डमध्ये खरेदीदार आणि पुरवठादार दोघंही एनएडी (नाव-पत्ता) सेगमेंटमध्येच येतात, फरक फक्त क्वालिफायरचा, म्हणजे ओळख सांगणाऱ्या कोडचा, बीवाय म्हणजे खरेदीदार आणि एसयू म्हणजे पुरवठादार. तिथे क्वालिफायरवर फिल्टर लावल्याशिवाय रेघ ओढू नये.

एलिमेंट डोळ्यांना दिसतोय पण एक्सपाथ (एक्सएमएलमध्ये पाथ देऊन शोधायची भाषा) रिकामं उत्तर देतोय, असं झालं तर पहिला संशय नेमस्पेसवर घ्यायचा, म्हणजे नाव कुठल्या गटातलं हे सांगणाऱ्या ओळखीवर. फाइलमध्ये डीफॉल्ट नेमस्पेस असतो आणि एक्सपाथ १.० मध्ये प्रीफिक्स (नावाआधी लावायचं नेमस्पेसचं छोटं नाव) नसलेलं नाव म्हणजे कुठल्याच नेमस्पेसमध्ये नसलेला एलिमेंट, त्यामुळे मॅच होतच नाही. उपाय म्हणजे त्या नेमस्पेसचा यूआरआय (त्याची पूर्ण ओळख) एखाद्या प्रीफिक्सला बांधून तो प्रीफिक्स वापरायचा, प्रीफिक्सचं नाव काहीही चालतं. लोकल-नेमचा (नेमस्पेस सोडून नुसतं नाव बघणाऱ्या फंक्शनचा) जुगाडही चालतो, पण दोन नेमस्पेसमध्ये एकाच नावाचे एलिमेंट असले की तो दोन्ही उचलतो.