साध्या गाऊनवर हातकाम करायचंय? पहिल्याच दिवशी हिल्स घेऊन या

लग्नासाठी प्लेन सॅटिनचा किंवा नेटचा गाऊन घ्यायचा आणि त्यावर आपल्या मनासारखं मोतीकाम, कटदाणा (बारीक नळीसारखे चमकदार मणी), लेस हाताने लावून घ्यायची, असं आता वसईत बऱ्याच मुली करतात आणि छानच करतात, कारण तसा दुसरा गाऊन कुणाकडे नसतो. डिझाईनचं टेन्शन घेऊ नका, फोटो दाखवा, बसून ठरवू. पण एक गोष्ट दर सीझनला सांगावी लागते म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आधी फिटिंग आणि उंची फायनल, मग मोती.

होतं काय, नवरी गाऊन आणते आणि म्हणते तुम्ही काम सुरू करा, हिल्स नंतर घेते, आणि तोवर मी थोडी बारीक पण होणार आहे. काम पूर्ण झाल्यावर हिल्स येतात तर गाऊन वर गेलेला, कंबर सैल. आता साईडची शिलाई उसवायची तर तिथले मोती आधी काढावे लागतात, नाहीतर मण्यावर बसून मशीनची सुई मोडते. ते काढायचे, शिलाई मारायची, परत एकेक हाताने लावायचे, म्हणजे दुप्पट काम, आणि सॅटिनवर सुईची जुनी भोकं राहतात ती जातच नाहीत. खालच्या घेराला लेस लावलेली असेल तर अख्खी लेस उचलून परत बसवायची. एवढा वेळ लग्नाच्या तोंडावर कुणाकडेच नसतो.

म्हणून पहिल्याच दिवशी हिल्स, आतले कपडे, कॅनकॅन (घेर फुलवणारा आतला कडक नेटचा परकर) सगळं आणा, आम्ही घालून बघून पिना लावतो. पुढून गाऊन जमिनीपासून अर्धा इंच वर हवा, चर्चमध्ये चालताना पायात येत नाही. वजन कमी करणार असाल तर साईडच्या शिलाईच्या दोन्ही बाजूंना इंचभर जागा आम्ही मोकळी ठेवतो आणि शेवटच्या ट्रायलनंतर भरतो. ट्रायलला ती मोकळी पट्टी बघून काम अर्धवट राहिलं असं समजू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते.

चिकटवलेले खडे स्वस्त पडतात मग तुमचं महाग का, हेही खूप जण विचारतात. गोंद कालांतराने पिवळा पडतो, पांढऱ्यावर तो लगेच दिसतो, आणि इस्त्रीच्या गरमीने खडे सुटतात. आम्ही डबल दोऱ्याने शिवतो आणि दर तीन-चार मण्यांनंतर मागे गाठ मारतो, नाचताना दोरा तुटलाच तर तेवढेच मणी जातात, पूर्ण ओळ घरंगळत नाही. काम कुणाकडूनही करून घ्या, पण गाऊन उलटा करून या गाठी बघा. काखेखाली मात्र मणी मागू नका, नेट फाटते आणि हात सोलतो.

मोती स्वतः विकत आणू नका, गाऊन इकडे आणा. शुभ्र, ऑफव्हाईट आणि आयव्हरी ट्यूबलाईटखाली सारखेच दिसतात आणि उन्हात वेगळे, त्यामुळे रंग आम्ही दारात उजेडात लावून बघतो.

गाऊनला भोकं पडायची भीती वाटत असेल तर वेगळ्या नेटवर काम करून ती नेट गाऊनवर हाताने टाचून देतो, पुढे काढून मुलीच्या होली कम्युनियनच्या फ्रॉकला लावता येते. चर्चसाठी नेटच्या बाह्याही अशाच काढघाल करता येतील अशा करून मिळतात.

वेळ दोन महिने धरा. नाताळानंतरची लग्नं उपवासकाळाच्या आधी उरकतात आणि २०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या त्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीलाच आहे, म्हणजे सगळ्यांच्या तारखा त्याच थोड्या आठवड्यांत येणार, तेव्हा जानेवारीचं लग्न असेल तर गाऊन ऑक्टोबरमध्येच आणून टाका. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) दुपारी एकपर्यंत दुकान उघडं असतं. ट्रायलला आई किंवा मावशीला बरोबर आणा, पाठीचं फिटिंग आपलं आपल्याला दिसत नाही.